सर्वांत वेगवान टीटी सायकल लावली, तरी वेळ सुधारत नाही: दोष कुठे शोधायचा

आमच्या टाइम ट्रायलच्या (टीटी, म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत) गटात गेली काही वर्षं एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आहे. ‘सगळे सांगतात ती टीटी फ्रेम घेतली, मागे डिस्क चाक लावलं, पाय दुखेस्तोवर पेडल मारलं, तरी झ्विफ्टवरची माझी वेळ होती तिथेच आहे.’ झ्विफ्ट म्हणजे घरात ट्रेनरवर पेडल मारून खेळायचा ऑनलाइन सायकलिंगचा गेम, आणि ट्रेनर म्हणजे सायकल बसवायचं यंत्र. प्रत्येक वेळी त्या माणसाबरोबर बसून गॅरेज (गेममधली सायकल निवडायची जागा), प्रोफाइल, ट्रेनर, चेन, पंखा असं एकेक तपासलं आहे. फ्रेमची निवड चुकली होती असे प्रसंग फार थोडे. बहुतेकदा वेळ दुसरीकडून गळत होती आणि ती गळती फुकटात बंद करता आली. म्हणून नवी फ्रेम घेण्यासाठी ड्रॉप्स (गेममधलं चलन) खर्च करण्याआधी किंवा ट्रेनर बदलण्याचा विचार करण्याआधी खालच्या क्रमाने जा. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चिकाकडे लावला आहे.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा.

- सपाट मार्गावर सोबत्याइतकेच वॉट (पेडलवरची ताकद), वजनही जवळपास तेवढंच, पण तो मिनिटभर आधी पोहोचतो.
- सामूहिक शर्यतीत टीटी सायकलवर पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच घोळक्याच्या मागे पडता.
- नवी फ्रेम घेतली, पण वेळेत दिसण्यासारखा फरक नाही.
- चढ लागला की एरवी बरोबरीने येणारे सगळे पुढे निघून जातात.
- नाडीचे ठोके नेहमीचेच, पण वॉट गेल्या महिन्यापेक्षा कमी दिसतात.
- पहिली पंधरा मिनिटं छान जातात, मग वॉट हळूहळू उतरत जातात.
- मधेच वॉटचा आकडा गोठतो किंवा दोन-तीन सेकंद शून्यावर जातो.

आता या यादीचे दोन ढीग करा. पहिल्या चार लक्षणांत वॉट ठीक आहेत, वेग कमी आहे. शेवटच्या तिनांत वॉटच कमी आहेत किंवा कमी मोजले जात आहेत. पहिल्या ढिगाचा दोष गेममधल्या निवडीत असतो, दुसऱ्याचा तुमच्या खोलीत. हा फरक न करता लोक वॉटच्या दुखण्यावर फ्रेमचं औषध घेतात आणि महिना वाया जातो. मागच्या तीन-चार टाइम ट्रायलच्या नोंदी उघडा. त्याच मार्गावरचे सरासरी वॉट आणि वेळ शेजारी शेजारी लिहा. वॉट सारखे आणि वेळ वेगळी असेल, तर तपासणी १ ते ५ बघा. वॉटच घसरले असतील, तर थेट ६ वर जा.

१. तुम्ही खरंच टीटी सायकलवर होता का, आणि असायला हवं होतं का?

हसण्यावारी नेऊ नका. आदल्या दिवशी चढावर सराव केलेला असतो, गॅरेजमध्ये चढाची हलकी सायकल तशीच राहिलेली असते आणि सुरुवातीच्या रेषेवर गडबडीत तिकडे लक्ष जात नाही. रेषेवर उभे असताना मेनूतून गॅरेज उघडा आणि फ्रेम व चाकं दोन्ही डोळ्यांनी बघा. फ्रेम बदलल्यावर चाकं आपल्याला हवी तीच लागली असतील असं गृहीत धरू नका.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. झ्विफ्टमध्ये टीटी सायकलला इतरांच्या मागे राहून आडोसा मिळत नाही. तुमच्या मागचा रोड सायकलवाला (साध्या शर्यती सायकलवरचा) मात्र तुमचा आडोसा घेऊ शकतो. म्हणजे सामूहिक शर्यतीत टीटी सायकल घेऊन उतरलात, तर तुम्ही एकटे हवा कापत असता आणि चाळीस-पन्नास जण एकमेकांच्या मागे ताकद वाचवत असतात. घोळक्यात वाचणारे वॉट एकूण वॉटच्या पाव हिश्शाच्या घरात किंवा त्याहून जास्त असतात. इतकी तूट कोणतीच फ्रेम भरून काढत नाही. तेव्हा साधा नियम असा:

एकेकट्याची टाइम ट्रायल असेल, आडोसा बंद असेल, तर टीटी. सामूहिक शर्यत असेल तर रोड. सांघिक टाइम ट्रायलमध्ये संघातल्यांना टीटी सायकलवरही एकमेकांचा आडोसा मिळावा अशी सोय ठेवलेली असते, तिथे टीटी. पण ते त्या स्पर्धेच्या माहितीत लिहिलेलं आहे का, हे वाचूनच उतरा. काही स्पर्धांत टीटी सायकल मुळात चालतच नाही.

दुसरं लक्षण असलेल्या दहांपैकी नऊ जणांचा प्रश्न इथेच सुटतो.

२. उंची आणि वजन

झ्विफ्ट तुमचा हवेतला रोध तुम्ही प्रोफाइलमध्ये भरलेल्या उंची आणि वजनावरून ठरवतं. उंची जास्त भरली तर तुमची गेममधली प्रतिमा हवेत जास्त अडते. वजन जास्त भरलं तर चढावर मागे ओढली जाते. आमच्या गटात एकाने खातं उघडताना उंचीत एक आकडा चुकवला होता आणि वर्षभर तो स्वतःपेक्षा बऱ्याच उंच माणसाचा वारा अंगावर घेत होता. त्या वर्षात त्याने तीन टीटी फ्रेम बदलल्या.

उंची भिंतीला टेकून मोजा. वजन सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी घ्या आणि महिन्यातून एकदा तरी प्रोफाइलमध्ये ताजं करा. आकडा खरा भरा. मुद्दाम कमी भरणं ही सरळ फसवणूक आहे आणि मोठ्या स्पर्धांत वजन-उंचीचा पुरावा मागतात. पण चुकून स्वतःचं नुकसान करून घेण्याचीही काही गरज नाही.

३. मार्ग कसला आहे?

‘सर्वांत वेगवान सायकल कोणती’ या प्रश्नाचं मार्ग सांगितल्याशिवाय उत्तर नाही. इथे थोडं गणित करू, कारण हे एकदा समजलं की पुढच्या निवडी आपोआप होतात.

सायकल पुढे नेताना तीन गोष्टी अडवतात: हवा, टायरचं रस्त्याशी घर्षण आणि चढ. ७५ किलोचा माणूस, ८ किलोची सायकल, ३०० वॉट असं धरा. सपाटीवर हा गडी ताशी ४२ किलोमीटरच्या आसपास जातो आणि त्याच्या ३०० वॉटपैकी ३८-४० वॉट घर्षणात जातात. बाकी जवळजवळ सगळे हवा खाते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. म्हणून सपाटीवर १ टक्का जास्त वॉट दिले तर वेग साधारण एक तृतीयांश टक्क्याने वाढतो. चाळीस मिनिटांच्या टाइम ट्रायलमध्ये हे आठ सेकंद होतात. हा आठ सेकंदांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता सायकलचं वजन १ किलोने वाढवा. सपाटीवर घर्षण अर्ध्या वॉटने वाढतं, चाळीस मिनिटांत एखाद सेकंद जातो. म्हणजे सपाट टाइम ट्रायलमध्ये फ्रेमच्या वजनाकडे बघायचंच नाही. झ्विफ्टमधल्या टेम्पस फ्युजिटसारख्या मार्गावर, जिथे १७ किलोमीटरच्या फेरीत चढाई नावापुरतीच आहे, तिथे फक्त हवा बघायची.

तोच गडी आल्प डू झ्विफ्ट या गेममधल्या घाटावर न्या. १२.२ किलोमीटर, १,०३६ मीटर चढाई, सरासरी साडेआठ टक्के. इथे बहुतेक ताकद वजन वर उचलण्यात जाते. १ किलो म्हणजे एकूण ओझ्याचा सव्वा टक्का आणि वेळही जवळपास तेवढ्याच प्रमाणात जातो: पन्नासेक मिनिटांच्या चढाईत अर्ध्या मिनिटाच्या आसपास. सपाटीवर ज्या किलोची किंमत एक सेकंद होती, त्याच किलोची इथे तीस सेकंद. म्हणून आल्पवर चढाची हलकी फ्रेम आणि हलकी चाकं. त्यातली लाइटवेट मायलनश्टाइन चाकं आल्प पूर्ण केल्यावर माथ्यावरच्या बक्षिसाच्या चक्रातून नशिबाने मिळतात, विकत मिळत नाहीत.

मधले मार्ग खरे कसोटीचे. ५ टक्के चढावर ३०० वॉटला वेग ताशी २०-२१ किलोमीटर असतो आणि हवेचा वाटा उरतो जेमतेम एक अष्टमांश. म्हणजे टीटी सायकलचा फायदा पूर्ण गेलेला नसतो, पण चांगलाच आटलेला असतो. बोलोन्याचा मार्ग घ्या. २०१९ च्या जिरो दि’इतालिया या इटलीतल्या मोठ्या शर्यतीची सुरुवात याच ८ किलोमीटरच्या टाइम ट्रायलने झाली होती आणि झ्विफ्टने तो मार्ग जसाच्या तसा आणला. पहिले सहा किलोमीटर जवळपास सपाट, मग सान लुकाचा २.१ किलोमीटरचा खडा चढ, सरासरी साडेनऊ टक्क्यांच्या वर. आपला गडी सपाट भाग आठ-साडेआठ मिनिटांत काढेल आणि चढाला त्याला दहा मिनिटं लागतील. सपाटीवर टीटीने आठ-दहा सेकंद किंवा थोडे जास्त मिळतील. चढावर टीटी रोडपेक्षा किलोभर जड असेल तर सात सेकंद जातील. हिशेब इतका काठावर आहे की तुमचे वॉट आणि वजन बदललं की उत्तर फिरू शकतं. जड आणि ताकदवान माणसाने अशा मार्गावर टीटी घ्यावी, हलक्या माणसाने दोन्ही करून बघावी, असं माझं मत. मधे थांबून सायकल बदलायचा विचार असेल तर सोडा. थांबण्यात, मेनू उघडण्यात आणि पुन्हा वेग घेण्यात कमावलेलं सगळं जातं.

४. चाकं

चौथं लक्षण असलेले लोक इथपर्यंत सुटलेले असतात. ज्यांना सपाटीवरच मार बसतो त्यांनी आता चाकं बघावीत, फ्रेमच्या आधी. कारण एकच जोडी तुमच्या सगळ्या टीटी फ्रेमना चालते आणि रोड सायकललाही लागते. सपाटीसाठी मागे पूर्ण डिस्क (आरे नसलेलं भरीव चाक) असलेली जोडी घ्या. डीटी स्विस एआरसी ११०० डायकट डिस्क आणि झिप ८५८ / सुपर ९ या दोन्ही वेगवान चाकांत गणल्या जातात. गेममधल्या डिस्कला बाजूचा वारा लागत नाही, त्यामुळे रस्त्यावर डिस्क वापरताना जी धास्ती असते ती इथे नाही. गेममधली पातळी अजून खाली असेल आणि डिस्क खुली झाली नसेल, तर जी मिळतात त्यांतली सगळ्यात खोल कडांची चाकं लावा.

५. फ्रेम

आता फ्रेम. कॅडेक्स ट्राय ही सपाटीवरच्या सर्वांत वेगवान टीटी फ्रेमांत बराच काळ गणली गेली आहे. तुमच्याकडे ती असेल तर फ्रेमबद्दल आणखी विचार करू नका. नसेल तर दोन गोष्टी समजून घ्या.

एक, ड्रॉप शॉप या गेममधल्या दुकानातले तारे, म्हणजे फ्रेमला दिलेले गुण, जाडेभरडे आहेत. दोन फ्रेमना हवेसाठी सारखेच तारे असले तरी तासाभराच्या शर्यतीत त्यांच्यात काही सेकंदांचा फरक असू शकतो. वजनाचा तारा कमी आहे म्हणून सपाटीची चांगली फ्रेम नाकारू नका, वरचं गणित आठवा. पण प्रमाणही ध्यानात असू द्या: रोडवरून टीटीवर आलं की सपाट तासात मिनिटाहून जास्त वाचतं, एका चांगल्या टीटीवरून दुसऱ्या चांगल्या टीटीवर गेलं की थोडेच सेकंद. पहिली उडी मारली असेल तर मोठी कमाई तुमच्या खिशात आलेली आहे.

दोन, २०२४ पासून झ्विफ्टमध्ये फ्रेम सुधारण्याची सोय आली. प्रत्येक फ्रेमचे पाच टप्पे. टप्पा खुला व्हायला त्याच फ्रेमवर ठरावीक अंतर, वेळ किंवा चढाई करावी लागते आणि ड्रॉप्स भरावे लागतात. याचा परिणाम असा की पूर्ण सुधारलेली मधली फ्रेम आणि नवी कोरी महागडी फ्रेम यांच्यातलं अंतर कमी होतं. दर महिन्याला फ्रेम बदलणाऱ्याचा एकही टप्पा पूर्ण होत नाही. एक टीटी फ्रेम निवडा आणि तिच्यावरच सरावही करा. सरावाचे किलोमीटर वाया जात नाहीत आणि शर्यतीच्या दिवशी सायकल बदलायची राहून गेली असंही होत नाही.

खरंच फ्रेमची तुलना करायची असेल, तर शर्यतीतल्या वेळा पुरावा म्हणून धरू नका. वर्कआउट मोडमध्ये एर्ग (ट्रेनर ठरलेले वॉट राखतो ती सोय) चालू ठेवून स्थिर २०० वॉटचा तासाभराचा सराव तयार करा, टेम्पस फ्युजिट निवडा आणि फेरीची सुरुवात-शेवटची कमान ओलांडल्यापासून पुन्हा ती येईपर्यंतची वेळ घ्या. दुसऱ्या दिवशी फक्त एकच गोष्ट बदला: फ्रेम किंवा चाकं. ट्रेनर वॉट थोडे कमी-जास्त मोजत असेल तरी चालेल, कारण गेमला दोन्ही दिवशी २०० च दिसणार आहेत. टीटी सायकलला आडोसा नसल्याने आजूबाजूच्या गर्दीने निकाल बिघडत नाही. रोड सायकल मोजायची असेल तर मात्र रस्ता रिकामा असेल अशा वेळी मोजा. इतकं करून दोन वेळांत दोन-तीन सेकंदांचाच फरक आला, तर तो विसरा आणि पुढे चला.

६. जोडणी

आता दुसरा ढीग. वॉट गोठणं किंवा शून्यावर जाणं हे जवळजवळ नेहमी जोडणीचं दुखणं असतं. जोडणीच्या पडद्यावर ‘पॉवर’च्या चौकटीत नेमकं काय आहे ते बघा. तिथे ट्रेनर किंवा तुमचा पॉवर मीटर (सायकलवरच वॉट मोजणारं उपकरण) हवा. ब्लूटूथवर बरेच ट्रेनर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात. शेजारी पडलेल्या फोनवर ट्रेनरचं ॲप उघडं राहिलं की गेमला तो सापडत नाही किंवा मधेच सुटतो. ते ॲप पूर्ण बंद करा. अँट प्लसचा डाँगल (ट्रेनरचा बिनतारी संदेश पकडणारी यूएसबी कांडी) वापरत असाल तर यूएसबीच्या लांब वायरने तो ट्रेनरजवळ आणा. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला खोचलेला डाँगल धातूच्या डब्याच्या आड जातो.

७. ट्रेनर खरं बोलतो का?

वरचा आकडा आठवा: १ टक्का म्हणजे चाळीस मिनिटांत आठ सेकंद. ट्रेनर ३ टक्के कमी मोजत असेल तर चोवीस सेकंद गेले. चांगल्या थेट जोडणीच्या (मागचं चाक काढून बसवायच्या) ट्रेनरचे उत्पादक अचूकता अधिक-उणे १ किंवा २ टक्के सांगतात. म्हणजे दोन निर्दोष ट्रेनरमध्येही दोन फ्रेमांमधल्या फरकापेक्षा मोठा फरक असू शकतो. २०२० मध्ये यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने झ्विफ्टवर ई-स्पोर्ट्सची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली, तेव्हा सगळ्या खेळाडूंना एकाच प्रकारचा ट्रेनर पुरवला होता, टॅक्स निओ २टी. यंत्र वेगळं असेल तर तुलनेला अर्थ उरत नाही, हे त्यातून कळतं.

करायचं ते असं. दहा मिनिटं पेडल मारून ट्रेनर गरम होऊ द्या. मग उत्पादकाच्याच ॲपमधून स्पिनडाउन, म्हणजे ट्रेनरची मोजणी जुळवण्याची चाचणी, करा: सांगितलेल्या वेगापर्यंत न्या आणि पेडल थांबवा. थंड ट्रेनरवर केलेलं स्पिनडाउन गरम ट्रेनरला लागू पडत नाही, पट्टा आणि बेअरिंग गरम झाल्यावर त्यांचा रोध बदलतो. काही ट्रेनरना स्पिनडाउन लागतच नाही, त्यांचं माहितीपत्रक बघा. टायर रोलरवर टेकवणारा जुना ट्रेनर असेल तर हे सगळं दुप्पट महत्त्वाचं. टायरमधली हवा दर वेळी तेवढीच ठेवा, रोलर तेवढाच घट्ट करा, जोर लावल्यावर टायर घसरत नाही ना ते बघा आणि मगच स्पिनडाउन करा.

पॉवर मीटर असेल तर प्रत्येक राइडच्या आधी त्याचं शून्य जुळवा. पेडलमधला मीटर ट्रेनरपेक्षा २ ते ४ टक्के जास्त दाखवत असेल तर घाबरू नका: पेडल चेनच्या आधी मोजतं, ट्रेनर चेनच्या नंतर. मधला फरक चेनने खाल्ला.

आणि इथेच एक गोष्ट, जी फार थोडे जण करतात. चेन धुवा. ट्रेनरवरची सायकल पावसा-चिखलात जात नाही म्हणून महिनोन्‌महिने तिची चेन कोणी बघत नाही. तिच्यावर जुनं तेल, धूळ आणि घाम यांचा काळा लेप बसतो. ट्रेनर जे मोजतो ते या लेपातून उरलेलं असतं. चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) स्वच्छ करून नीट तेल दिलं की आकड्यात दोन-चार वॉट परत येतात, आणि ते खरे तुमचेच असतात. शर्यतीत चेन फार तिरकी जाईल असा गियर टाळा. गियर कोणता यावर गेममधला वेग ठरत नाही, वॉटवर ठरतो.

गियरवरून ट्रेनर डिफिकल्टी (चढ पायाला किती जाणवावा ते ठरवणारी सेटिंग) हिचंही सांगून टाकतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज मोठा आहे. ती मुळात ५० टक्क्यांवर असते. कमी केली की चढ पायाला सौम्य वाटतो, पण त्याच वॉटला वेग तोच राहतो. वर-खाली होणाऱ्या मार्गावर कमी ठेवली तर लय सांभाळणं सोपं जातं. बाकी काही मिळत नाही.

८. पंखा

सहावं लक्षण, म्हणजे पंधरा मिनिटांनंतर वॉट उतरणं, हे उष्णतेचं असतं. ३०० वॉट पेडलवर पोहोचवताना शरीर सुमारे १,००० वॉटची उष्णता बाहेर टाकतं, कारण आपल्या स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेच्या पाव हिश्शाहून कमीच कामात उतरतो. रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरचा वारा ती उष्णता घेऊन जातो. खोलीत तो वारा नसतो. मग रक्त कातडीकडे वळतं, नाडी चढत जाते आणि त्याच नाडीला वॉट कमी मिळतात. छातीवर मोठा पंखा, शक्य असेल तर पाठीवर दुसरा, खिडकी उघडी आणि शर्यतीच्या आधीपासून खोली थंड. याने वाचलेले वॉट फ्रेमच्या कोणत्याही निवडीपेक्षा जास्त असतात. आमच्या गटात कोणालाही सल्ला द्यायची वेळ आली की मी आधी पंख्याबद्दल विचारतो.

९. खोलीत झुकून बसू नका

गेममधली प्रतिमा टीटीच्या हँडलबारवर झोपलेली दिसते म्हणून लोक खऱ्या सायकलवरही तसेच झोपतात. गेमला तुमची बसण्याची पद्धत कळत नाही. हवेतला रोध प्रोफाइल आणि फ्रेमवरून ठरलेला असतो. तुम्ही ताठ बसलात तरी प्रतिमा तशीच वेगवान राहते. उलट खूप झुकल्याने मांडी आणि पोटातला कोन लहान होतो, श्वास अडतो आणि बहुतेकांचे वॉट कमी होतात. गेममध्ये टीटी फ्रेम आणि खोलीत साध्या रोड सायकलवर मोकळं बसणं, ही माझ्या मते आभासी टाइम ट्रायलची सर्वांत वेगवान जोडी आहे.

याला अपवाद एकच. तुम्ही रस्त्यावरच्या टाइम ट्रायलची तयारी करत असाल, तर त्या बसण्याची शरीराला सवय लागायला हवी. मग सराव झुकूनच करा, आणि आभासी वेळ थोडी मंद येणार हे मान्य करा.

१०. ताकद कशी खर्च करता

सुरुवातीची उलटी मोजणी शून्यावर यायच्या आधीच पेडल फिरवत राहा. घड्याळ सुरू झाल्यावर शून्यापासून जोर आणण्यात सेकंद जातात. त्यानंतर मात्र पहिली पाच मिनिटं आवरा. बहुतेक नोंदींत मला तोच आलेख दिसतो: सुरुवातीला झेपतील त्यापेक्षा तीस वॉट जास्त, शेवटच्या तिसऱ्या भागात चाळीस वॉट कमी. लहान चढावर थोडे जास्त वॉट द्या आणि उतारावर तेवढे कमी करा, कारण जिथे वेग कमी असतो तिथे जास्तीच्या वॉटचा मोबदला जास्त मिळतो. सपाटीवर आकडा हलू देऊ नका.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

गरम करून, स्पिनडाउन करून, फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) ताजं करूनही ट्रेनर आणि पॉवर मीटर यांच्यात ५ टक्क्यांहून जास्त फरक राहत असेल, किंवा ट्रेनरचा आकडा पॉवर मीटरपेक्षा जास्त येत असेल, तर घरचे उपाय थांबवा. दोन्ही यंत्रांची एकाच राइडची नोंद काढा आणि ट्रेनरच्या उत्पादकाकडे पाठवा. माझ्या एका ट्रेनरने फर्मवेअर बदलल्यावर अचानक कमी वॉट दाखवायला सुरुवात केली. मी दोन आठवडे स्वतःच्या तब्येतीला दोष देत राहिलो. नोंद पाठवल्यावर त्यांनी तो बदलून दिला.

ट्रेनर खरखरत असेल, जळका वास येत असेल, चाक डगमगत असेल तर वीज काढा आणि वापरू नका. झाकण स्वतः उघडू नका, आत वेगाने फिरणारं जड चाक आणि विजेचे भाग असतात आणि हमीही जाते. कॅसेट बदलण्यापुरतं काम घरी होतं, पण लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) ४० न्यूटन मीटरपर्यंत घट्ट करायला योग्य पाना हवा. तो नसेल तर मेकॅनिककडे द्या. कार्बनची फ्रेम ट्रेनरवर लावायला उत्पादकाची परवानगी आहे का हे आधी विचारा. मागच्या आसाजवळ चीर दिसली तर ती सायकल मेकॅनिकने बघेपर्यंत चालवू नका.

गुडघ्याच्या एकाच जागी दर राइडला दुखत असेल, बसण्याच्या जागी किंवा हातात मुंग्या येऊन बधिरपणा राहत असेल, तर सीट मिलिमीटरने वर-खाली करत महिने घालवू नका. सायकल फिटरकडे जा. तरीही दुखणं राहिलं तर फिजिओथेरपिस्टकडे.

आणि वॉट काही आठवड्यांपासून उतरत आहेत, ट्रेनर बरोबर आहे, पंखा आहे, झोप आहे, तरी सकाळची नाडी नेहमीपेक्षा चढलेली राहते, तर शर्यती थांबवून डॉक्टरांना दाखवा. पेडल मारताना छातीत दुखणं, दडपण येणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठोके अनियमित वाटणं, यातलं काहीही एकदा जरी झालं तरी त्याच क्षणी उतरा. एकटे असाल तर कोणाला तरी हाक मारा आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. ती राइड पूर्ण करायची नाही.